पोरं घरातच आहेत की!

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. चौदा माणसांचं एकत्र कुटुंब. आजेसासू, सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, धाकटे दीर, मालक, त्या स्वतः आणि त्यांची चार लेकरं: थोरली १३ वर्षांची, मुलगा १० चा, मधली ७ ची आणि धाकटा अडीच वर्षांचा. दोन म्हशी, एक गाय, चार एकर भातशेती. मालक उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्टला जातात. ताई डीएड झालेल्या. दोन वर्षांपूर्वी मुलाला शाळेत वाचायला जमेना म्हणून त्यांनी घरी बसवून शिकवलं, सहा महिन्यांत तो वाचायला लागला, म्हणून मग तिघांनाही घरीच शिकवायचं ठरलं. जावेची मुलं गावातल्या शाळेत जातात.

ताई लिहितात: "नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी असं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. तिसऱ्या दिवशी मोडलं. पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंय. दुकानातून साखर आण, गोठ्यात वैरण टाक. मी काही बोलले तर 'पोरं घरातच आहेत की!' धाकट्याला थोरली सांभाळते म्हणून तर मी दोघांना शिकवू शकते. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, कन्नडचं एक अक्षर मला येत नाही. थोरली परवा म्हणाली, शाळेत मला मैत्रिणी होत्या. त्या दिवसापासून झोप नाही. मी चुकले का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. आधी भिंतीवरच्या कागदाचं बोलू, तो आजच काढून टाका. तो मोडला यात तुमचा दोष नाही. तो शाळेचा कागद आहे आणि शाळेत घंटा वाजवायला शिपाई असतो. तुमच्याकडे घंटा म्हशी वाजवतात.

तुम्हाला वाटतंय की शाळेतली मुलं सहा तास शिकतात आणि आपली मागं पडतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. भागाकार करून बघा: लहानांचे दिवसाला चार तास होतात, मोठ्यांचे साडेचारच्या आसपास. तेही तीस पोरांच्या वर्गातले. हजेरी, फळ्यावरचं उतरवून घेणं, एकाची वही तपासताना बाकीच्यांनी वाट बघणं हे सगळं त्यातच आलं. तुमच्या चटईवर तीन मुलं आहेत. सात वर्षांच्या मुलीला रोज तास-सव्वा तास मन लावून मिळाला तर पुष्कळ झालं. दहाच्या मुलाला दोन तास. थोरलीला तीन, पण त्यातला निम्मा वेळ तिचा तिनं एकटीनं बसण्याचा. आणि २०० दिवस म्हणजे वर्षातले १६५ दिवस मोकळे. रोप लावणीचे पंधरा दिवस, सुगी, मळणी, गणपती, माहेरचं लग्न हे सगळं त्यात बसतं. लावणीच्या दिवसांत पुस्तक उघडलं नाही म्हणून जीव जाळून घेऊ नका.

आता दिवस कसा बांधायचा? घड्याळ सोडा आणि घरात जे काही झालं तरी हलत नाही ते बघा. पहाटेची धार हलत नाही. डेअरीची वेळ हलत नाही. डबे भरणं, जावेच्या मुलांचं शाळेला निघणं, दुपारची भाकरी, संध्याकाळची धार, दिवेलागण. या खुंट्या भिंतीत पक्क्या आहेत, अभ्यास त्यांना अडकवा. डबे गेले की चटई पडली. भाकरीला बसायची वेळ झाली की चटई उचलली. साडेनऊ की पावणेदहा याची चिंता नको. एखाद्या दिवशी पाहुणे आले आणि सकाळ गेली, तर दिवेलागणीची बैठक राहतेच, जावेची मुलं गृहपाठाला बसतात तेव्हा तुमचीही बसतील. दुपारी आजेसासू पडतात तेव्हा घर गप्प असतं. तो वेळ शिकवण्यात घालवू नका, ज्यानं त्यानं आपलं पुस्तक घेऊन पडावं. तुम्हीही पडा.

चटईवर पहिला मान धाकट्याचा. हे उलटं वाटेल, पण करून बघा. बैठक सुरू करायच्या आधी पंधरा मिनिटं त्याला मांडीवर घ्या, त्याचीच गोष्ट सांगा, त्याच्याच डब्या-झाकणांशी खेळा. आईनं पोट भरून भेट दिली की अडीच वर्षांचं मूल पुढं अर्धा तास आपलं आपण रमतं, नाही दिली की दर दोन मिनिटाला पदर ओढतं. मग सातची मुलगी, ती ताजी असतानाच. तेवढ्यात दहाचा मुलगा काल झालेल्याचा सराव करील. मग तो तुमच्याजवळ येईल आणि मधली चित्र काढायला जाईल. थोरली शेवटी, अडलेले प्रश्न घेऊन. गोष्ट, इतिहास, परिसर हे मात्र तिघांना एकत्रच वाचून दाखवा. सातची तिच्यापुरतं घेईल, तेराची तिच्यापुरतं. वेगवेगळ्या वयाची मुलं एका चटईवर शिकतात यात नवं काही नाही. आपल्याच राज्यात मैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ मध्ये 'नली-कली', म्हणजे हसत-खेळत शिकणं, सुरू झालं आणि पुढं कर्नाटकभर सरकारी शाळांत पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसून, आपापल्या गतीनं शिकू लागली.

घरातल्या कामातून शिकवा असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मीही सांगते, पण हात राखून. शेण काढणं हे शेण काढणंच आहे, त्याला विज्ञान म्हणून वहीत लिहू नका, पोरांना ते लगेच कळतं. काही कामांत मात्र खरोखर गणित बसलेलं असतं. डेअरीची पावती घ्या. दहा वर्षांच्या मुलाला विचारा, साडेतीन लिटर दूध घातलं तर पावतीवर ३.५ का येतं? घड्याळात साडेतीनला आपण ३.३० लिहितो, मग इथं ३.३० का नाही? तो गोंधळेल. गोंधळू द्या, दोन दिवस उत्तर सांगू नका. ज्या दिवशी त्याला उमगेल की तास साठाचा आणि लिटर दहा भागांचा, त्या दिवशी दशांश अपूर्णांक त्याच्या हातात आला. मग फॅट आणि दर बघून पावतीची रक्कम त्यानं रोज ताळून बघायची आणि आठवड्याचा हिशोब आजोबांना वाचून दाखवायचा. सासऱ्यांना त्या दिवशी 'घरात बसून काय शिकतंय' हा प्रश्न पडणार नाही. तसंच गुंठ्याचं. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. दोरी घेऊन थोरलीला आणि मुलाला रताळ्याच्या तुकड्यात पाठवा. लांबी ९९ फूट आणि रुंदी ६६ फूट आली तर किती गुंठे? सूत्र लावायच्या आधी त्यांना तो तुकडा चौकोन पाडून कागदावर काढू दे. सहा चौकोन डोळ्यांनी दिसले की क्षेत्रफळ पुन्हा शिकवावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, ती याच समजुतीवर.

कन्नडचं. सीमाभागात हा विषय निघाला की घरातली मोठी माणसं हळवी होतात, आणि ते हळवेपण खरं आहे, आपल्या घरांनी ते सोसलंय. मुलांची मराठी पक्की करा, रोज मोठ्यानं वाचून घ्या, त्यात तडजोड नको. पण लाइट बिल कन्नडमध्ये येतं, शेताची पहाणी, म्हणजे आपला सातबारासारखा उतारा, कन्नडमध्ये असते, बसचा बोर्ड कन्नडमध्ये असतो. ज्याला ते वाचता येत नाही त्याला जन्मभर कुणाला तरी विचारावं लागतं. माझ्या आईनं ते विचारण्यात आयुष्य काढलं, दर वेळी तिचा आवाज थोडा खाली जायचा. तो आवाज मला तुमच्या मुलींच्या तोंडी नको आहे. तुम्हाला येत नाही ही अडचण मानू नका. जावेचा थोरला नववीत आहे ना? दिवेलागणीला अर्धा तास तो गुरुजी आणि तुम्ही मुलांच्या रांगेत विद्यार्थिनी. वर्णमालेचा क्रम तोच आहे, क ख ग घ, फक्त वळणं वेगळी. एक गोष्ट आधीपासून कानावर घाला: कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, मराठी कानाला तो फरक पटकन ऐकू येत नाही. शब्द तर निम्मे घरातलेच आहेत. अक्का, अण्णा, अप्पा, आपलं तूप आणि त्यांचं तुप्प. आई चुकते, पुसते, परत लिहिते हे पोरांनी बघितलं तर त्यांनाही चुकायला भीती वाटणार नाही.

आता 'पोरं घरातच आहेत की'चं बघू. याचा निकाल स्वयंपाकघरात लागणार नाही. तिथं बोललात तर ते सासू-सुनेचं होऊन बसेल. मालकांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात, रात्री जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना त्यांनी स्वतः विषय काढायला हवा. मुलं त्यांचीही आहेत, घरी शिकवायचं दोघांनी ठरवलं होतं. मागणं एकच ठेवा: चटई पडली की उचलेपर्यंत तिघांपैकी कुणालाही हाक मारायची नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा. आणि त्याबदल्यात मुलांची कामं ठरवून द्या, चटईच्या आधीची आणि नंतरची. वैरण मुलाकडे, पाणी भरणं थोरलीकडे, अंगण आणि कोंबड्या मधलीकडे. महिन्यानं अदलाबदल, मुलगा भांडी घासायलाही बसेल. घराला काम मिळालं पाहिजे हे सासूबाईंचं म्हणणं रास्त आहे. कुठल्याही क्षणी हाक मारली तर मूल उठलं पाहिजे, हे मात्र रास्त नाही.

तुम्ही पत्रात जावेबद्दल एकच ओळ लिहिली आहे, "त्या काही बोलत नाहीत". ताई, त्या ओळीपाशी मी थांबले. सकाळी तुम्ही चटईवर बसता तेव्हा चौदा माणसांची आमटी-भाकरी कोण करतं? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही पुस्तक घेऊन बसता, त्या चुलीपुढं. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नव्हे. त्यांच्याजवळ जाऊन सरळ बोला: "वैनी, सकाळचं तुम्ही बघता म्हणून माझी पोरं शिकतात. रात्रीचा स्वयंपाक आणि सगळी भांडी माझी. आणि तुमच्या दोघांचं गणित मी घेणार, शिकवणी लावू नका." हे नुसतं बोलू नका, दुसऱ्या दिवसापासून करा. या घरात तुमची शाळा टिकली तर ती जावेमुळं टिकेल.

आणि थोरली.

मी खानापूर तालुक्यात सतरा माणसांच्या घरात वाढले, भावंडांत थोरली. डाव्या कडेवर धाकटा भाऊ, उजव्या हातात पेन्सिल, आणि वही चुलीशेजारच्या कट्ट्यावर. भाऊ हालला की अक्षर हालायचं. माझ्या पाचवीच्या वहीत कितीतरी ओळी अशा मधेच खाली घसरलेल्या आहेत. सगळे म्हणायचे, "थोरली म्हणजे आईचा उजवा हात, भारी गुणाची पोर." ते ऐकून मला बरं वाटायचं, म्हणूनच मी कधी तक्रार केली नाही. सातवीनंतर घरी बसवलं. कुणी रागावून बसवलं नाही, घराला माझ्यावाचून चालेना एवढंच. पुढं लग्नानंतर बाहेरून दहावी दिली, तेव्हा माझं मूल सासूबाईंनी सांभाळलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हातांनी वही धरून बसले.

तुमचं वाक्य आहे, "थोरली सांभाळते म्हणून मी दोघांना शिकवू शकते." म्हणजे घरी शिकणाऱ्या तीन मुलांत शिकणारी दोनच आहेत. तुम्हाला बोल लावायचा नाही. मोठ्या घरात हे कुणी ठरवून करत नाही, पण दर घरात होतं, आणि दर घरात मुलीच्याच बाबतीत होतं. तिनं घरात काम करू नये असं मी म्हणत नाही. चटईच्या वेळी मात्र धाकटा तिच्याकडे नको. आजेसासूंच्या खाटेवर, सासूबाईंच्या मागं, रात्रपाळीहून येऊन झोपून उठलेल्या बापाजवळ, कुठंही. कुणीच नसेल तर तुमच्या मांडीवर, आणि मग त्या दिवशी तुमचं शिकवणं अर्धं होईल. अर्धं होऊ दे. तिला घरात एक जागा द्या, माळ्याखालची असो की देवघराशेजारची, जिथं तिची वही दुसरं कुणी हलवणार नाही.

तिच्या बाबतीत घाईही आहे. ती १३ ची आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. मराठी माध्यम आहे, भाषा विषयांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यात भाषा एक किंवा दोन. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही. दोन आधी, बाकी नंतर असं चालतं. म्हणजे सुगीच्या हंगामात तिच्यावर ओझं येणार नाही असं आखता येईल.

बाकी दोघांच्या कागदांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शाळेसाठी वेगळी तरतूद नाही. कलम १० प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. हे तुम्हाला माहीत असायला हवं, लपवून उपयोग नाही. गावातल्या शाळेचे सर किंवा सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळा बघणारी शिक्षण खात्याची माणसं, विचारायला आले तर दाराआडून उत्तर देऊ नका, बसवून चहा द्या, वह्या दाखवा. त्यासाठी दर मुलाची एक दोनशे पानी वही ठेवा. रोज तारीख आणि तीन ओळी: काय वाचलं, कुठली गणितं केली, काय अडलं. रात्री दोन मिनिटांचं काम आहे. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवलं पाहिजे. तेव्हा परतीचा रस्ता उघडा आहे, जन्मदाखले आणि जुने दाखले तेवढे एका पिशवीत नीट ठेवा.

तुम्ही विचारलंत, मी चुकले का? मुलगा वाचायला लागला, ते तुम्ही केलंत. जे शाळेत दोन वर्षांत झालं नव्हतं ते तुम्ही चुलीचं सांभाळून सहा महिन्यांत केलंत. त्याच्यासाठी निर्णय बरोबर होता. मधलीसाठी चालतंय. थोरलीसाठी तो कधी तिला विचारून घेतलाच नव्हता, मला वाटतं तुमची झोप तिथं अडकली आहे. तीन मुलांना एकच उत्तर लागू पडलं पाहिजे असा काही नियम नाही. दोघं घरी आणि एक शाळेत असंही घर चालतं, जावेची मुलं जातातच की त्या वाटेनं.

येत्या शनिवारी धाकट्याला सासूबाईंजवळ ठेवा आणि थोरलीला एकटीला घेऊन बसनं बेळगावला जा. गणपत गल्लीत वही-पेन घ्या, कुठंतरी बसून दोघी कुंदा खा. येताना बसमध्ये, तिचं तोंड खिडकीकडे असताना विचारा. समोर बसवून विचारलं तर तुम्हाला बरं वाटेल तेच ती सांगेल, गुणाच्या पोरी तसंच करतात. मैत्रिणींची नावं विचारा. शाळेतलं काय आठवतं ते विचारा. घरी काय आवडतं तेही. ती बोलायला लागली की मधे समजूत घालू नका, गाव येईपर्यंत ऐकून घ्या. ती जे म्हणेल ते त्या रात्री मालकांना जसंच्या तसं सांगा. आणि मला कळवा. तिला पुन्हा शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवते, आणि घरीच राहून दहावी करायची असेल तर पाच विषय कुठले घ्यायचे ते आपण तिघी मिळून ठरवू.